जन्म-मृत्यू नोंदींची सुरक्षितता : गोवंडी

गोवंडीकरांचे सरकारी कागद दोन दारांतून येतात. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला कुर्ला तालुक्याच्या तहसीलदारांकडून मिळतो, तर जन्म-मृत्यूची नोंद मुंबई महापालिकेच्या एम पूर्व विभागात होते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालील नियमांनी त्यासाठी 21 दिवसांची मुदत दिली आहे. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

गोवंडीतल्या शिवाजीनगर, बैंगनवाडीत पावसाचे पाणी घरात शिरते, आग लागते, तोडकाम होते. ट्रंकेतले कागद जातात आणि कचेरीतली नोंद तेवढी उरते. म्हणून या नोंदीची राखण ही इथल्या माणसाच्या ओळखीचीच राखण आहे. माहिती फुटणे वाईटच; पण नोंदवहीत खोट्या नोंदी घुसल्या, की खरा दाखला घेऊन आलेल्या माणसाकडेही संशयाने पाहिले जाते, आणि ते अधिक वाईट. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी ह्या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावाच्या नावावर 2025 मध्ये अवघ्या तीन महिन्यांत 27,000 हून अधिक जन्मनोंदी चढल्याचे उघडकीस आले.

गळती दरवेळी सर्व्हरमधूनच होते असे नाही. झेरॉक्सच्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवलेले आधार कार्ड प्रिंट निघाल्यावरही त्याच्या संगणकात राहते. कचेरीतल्या लॉगिनचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली असेल आणि ओटीपी दुसऱ्याच्याच मोबाइलवर जात असेल, तर कुलूप कितीही भक्कम असून उपयोग नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन हवे, कोणती नोंद कोणी केव्हा उघडली याची खूण राहायला हवी, आणि बदली झाली की त्याच दिवशी प्रवेश बंद व्हायला हवा.

सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेला कळवण्याचे बंधन 2022 पासून आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा 2023 चा कायदा सरकारी कार्यालयांनाही लागू असून त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने अमलात येतात. ज्याची माहिती फुटली त्याला तसे कळवणे हा त्यातला गोवंडीकरांच्या सर्वांत कामाचा भाग.

गोपनीयतेचे भान मात्र कागदी नोंदवहीच्या काळातही होते. 1969 च्या कायद्याचे कलम 17 सांगते, की मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना मृत्यूचे कारण उघड करायचे नाही. क्षयाने गांजलेल्या या भागात, घरच्यांच्या हाती पडणाऱ्या दाखल्यावर आजाराचे नाव नसते.