फाळके, ऊन आणि नऊ वॉटचा दिवा

गेल्या वर्षी आक्का शिरवण्याला आली होती. रात्री पडवीत बोलत बसलेली असताना मी तिचे पाच-सहा फोटो काढले. सगळे हललेले. आता आक्का नाही.

दिवा तर लख्ख होता! परवा त्याचे खोके शोधले. ९ वॉट, ९०० ल्युमेन. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, वॉट म्हणजे फक्त खर्च झालेली वीज. (आणि मी जन्मभर वर्गात 'शंभरचा दिवा' म्हणत आलो!) आक्का दिव्यापासून दोन मीटरवर होती. उजेड चहूकडे सारखा पसरतो असे धरले, तर तेवढ्या त्रिज्येच्या गोलाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला १८ ल्युमेन, अर्थात १८ लक्स. आयएसओ ४०० आणि छिद्र २.८ ठेवले तर शटर जवळपास पाव सेकंद उघडे हवे. तेवढ्यात आक्काची मान दोनदा हलायची.

भर दुपारचे ऊन लाखभर लक्स. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली दादरला बंगल्याच्या आवारात देखावे उभारून 'राजा हरिश्चंद्र' उन्हातच का चित्रित केला, ते आता कळले. फिल्म मंद, कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला कितीतरी चित्रे. एकेका चित्राला पाव सेकंद कुठून देणार? त्याआधी वाटाण्याचे रोप टिपताना ती अडचण नव्हती, रोप काही मान हलवत नाही.

सकाळी आठला आमच्या पडवीत ऊन येते. आक्का तिथेच तांदूळ निवडत बसायची. कॅमेरा तेव्हा कपाटात होता.