ठिपक्यांतली पत्रिका

सिनेमाचं नाव, ठिपका, साल, ठिपका, ‘डीव्हीडीरिप’, ठिपका, ‘एक्सव्हिड’, मग डॅश आणि एखादं चक्रम टोपणनाव. ज्यांनी वीसेक वर्षांपूर्वी मित्राच्या हार्ड डिस्कवरून सिनेमे उतरवले, त्यांना ही पत्रिका तोंडपाठ असते.

ठिपके आले एफटीपीच्या जमान्यातून. आज्ञा टाइप करून फाइल हलवायची. नावात मोकळी जागा आली की नाव तिथंच संपलं, असं यंत्राला वाटे. हा कारभार ‘सीन’ म्हणवणाऱ्या गुप्त टोळ्यांचा. आधी कोण फोडतं, यावर त्यांची इभ्रत. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा यावी तसं डॅशनंतर टोळीचं नाव.

मधल्या शब्दांत मात्र चोरीची कबुली असते. ‘कॅम’ म्हणजे थेटरात लपवून नेलेला कॅमेरा. पुढच्याचं डोकं फुकट. ‘टीएस’ म्हणजे चित्र तसंच, पण आवाज थेट तारेतून, कधी कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या सोयीतून घेतलेला. ‘स्क्रीनर’ ही पुरस्कारांच्या मतदारांना पाठवलेली प्रत. ‘आर५’ सगळ्यांत गमतीचं. रशियातली चोरी रोखायला स्टुडिओंनी तिथं डीव्हीडी लवकर आणली. टोळ्यांनी तिचंच चित्र उचललं आणि इंग्रजी आवाज दुसरीकडून आणून चिकटवला! आपल्याकडे या साऱ्याला एकच प्रश्न होता: ‘प्रिंट कशी आहे?’

सुरुवातीचा ‘डीव्हीडीरिप’ म्हणजे थेट डीव्हीडीवरून काढलेली प्रत. १९९९मध्ये डीव्हीडीचं कुलूप फोडणारा ‘डीसीएसएस’ प्रोग्रॅम बाहेर आला. आता अख्खी डीव्हीडी दाबून ७०० एमबीच्या सीडीत बसवायची होती. ते काम ‘डिव्हएक्स’नं केलं. २००१मध्ये त्याच्या कंपनीनं खुला केलेला कोड पुन्हा बंद केला, तेव्हा रागावलेल्या स्वयंसेवकांनी तोच पुढे नेला आणि नाव उलटं लिहिलं. ‘एक्सव्हिड’ची इंग्रजी अक्षरं शेवटाकडून वाचून बघा.

लेबल खोटं निघालं तर ‘सीन’मधलेच लोक ती फाइल ‘न्यूक’ करत, म्हणजे बाद. चुकीच्या मालाला उत्तर म्हणून आलेली चांगली प्रत ‘प्रॉपर’. चोरांच्या बाजारातलं हे वजनमाप मला थक्क करतं.

आता सीडी गेली, ७०० एमबीचा हट्ट गेला, एक्सव्हिडची गादी एक्स२६४नं घेतली. मोकळ्या जागेनं आज यंत्रं सहसा अडखळत नाहीत. ठिपके अजून आहेत.