कुलमुखत्यारपत्र : टिकाऊ कोणासाठी?

महार वतनाच्या जमिनी कशा गेल्या हा विषय निघाला की आपण पाटील, तलाठी, बिल्डर यांची नावे घेतो. ज्या कागदावर आपल्याच आजोबांचा अंगठा आहे, त्याचे नाव कोणी घेत नाही. तो कागद म्हणजे कुलमुखत्यारपत्र.

वतन ही जमिनीच्या तुकड्यासाठी पत्करलेली गुलामी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. राबणूक जावी आणि जमीन राहावी म्हणून त्यांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. पण कनिष्ठ गाव वतने गेली ती 1958 च्या कायद्याने, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. कब्जेहक्काची रक्कम भरली की जमीन वतनदाराच्या नावे. मूळ कायद्यातली मुख्य अट : जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकायची नाही.

विक्रीला कुलूप लागले तेव्हा चावी म्हणून हा कागद आला. "विकू नका, नुसती सही द्या, बाकीचे आम्ही बघतो." सातबाऱ्यावर भाऊबंदांची रांग, निम्मे मुंबईला, उरलेल्यांना वाचता येत नाही. थोडा विसार हातावर टेकवला जाई आणि कागदात 'कायम व रद्द न होणारे' असे शब्द येत. ते उगाच येत नाहीत. 1872 च्या करार कायद्यातील कलम 202 प्रमाणे मुखत्याराचाच मिळकतीत हितसंबंध असेल तर ती मुखत्यारी सहज मोडता येत नाही. अशा कागदाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प खटल्यात ठणकावले. तोवर अनेक जमिनींवर इमारती उभ्या होत्या.

आता दुसरी बाजू पाहा. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने 1954 साली टिकाऊ मुखत्यारपत्राला मान्यता दिली. देणाऱ्याचे भान हरपले तरी ते चालू राहते, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी त्याची माणसे त्याचे व्यवहार बघू शकतात. आपल्याकडे कलम 201 नुसार देणारा भ्रमिष्ट झाला की मुखत्यारी संपली. मेंदूला मार लागलेल्या बापाच्या खात्यातून औषधाचे पैसे काढायला मुलाने कोर्टाची पायरी चढायची! घेणाऱ्याच्या सोयीचा टिकाऊपणा कायद्यात आहे, देणाऱ्याच्या सोयीचा नाही. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

वस्तीतल्या बैठकीत एका आजीने विचारले, "दिलेली सही परत घेता येते का, बाळा?" पैसे घेतले नसतील आणि मुखत्याराचा जमिनीत हितसंबंध नसेल, तर येते. लेखी रद्दपत्र करायचे, मुखत्याराला पोस्टाने नोटीस द्यायची, दुय्यम निबंधकाकडे नोंद असेल तर तिथेही कळवायचे. आजीने पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. आम्ही तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतला.