मोडलेला स्फटिक जुळतो तेव्हा

सादियात बेटावर लूव्र बघायला गेला असाल. त्याच बेटावरच्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबुधाबी केंद्रात २०१६ साली पान्चे नाउमोव यांच्या गटाने मोडलेला स्फटिक पुन्हा जुळवला. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल? आपली भेग आपणच बुजवणारं पॉलिमर इलिनॉयमध्ये २००१ लाच झालं होतं की! खरंय. पण त्याच्या पोटात द्रवाच्या सूक्ष्म कुप्या होत्या. तडा गेला की कुपी फुटायची, द्रव भेगेत शिरून घट्ट व्हायचा. कुपी एकदा रिकामी झाली की संपलं. इथे बाहेरचं काहीच नाही. तुकडे नुसते एकमेकांशी दाबून चोवीस तास ठेवले, आणि गंधकाच्या जोड्यांनी भेगेपलीकडचे जोडीदार धरले. पॉलिमरच्या लांब साखळ्या निदान वळवळतात तरी. स्फटिकातले रेणू म्हणजे कवायतीत उभे! जोड किती पक्का? सात टक्क्यांच्या आतच. तो आकडा त्यांनी सरळ छापला, हे मला फार आवडलं.