कसब, भांडवल आणि नाराजी : नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचा इतिहास

एकाच व्यवसायातील मंडळींपैकी एखाद्याचे कसब इतरांहून फार पुढे गेले, की सहकाऱ्यांच्या मनात उठणारी नाराजी बहुधा मत्सराच्या खाती जमा केली जाते. परंतु तिची मुळे स्वभावाइतकीच व्यवसायाच्या रचनेतही असतात, हे नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीच्या इतिहासावरून ध्यानात येते.

त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटानंतर आपला कारखाना मुंबईहून नाशिकला हलवला. कथा बेतणे, नटांकडून तालीम करून घेणे, चित्रीकरण, रसायनात फिल्म धुणे आणि शेवटी तिची जोडणी करणे, ही सारी कामे फाळके यांच्याच देखरेखीखाली चालत. कॅमेऱ्याच्या दातेरी चाकात फिल्म बसावी म्हणून तिच्या कडांना छिद्रे पाडावी लागत. हे काम अंधारात करावे लागे आणि ते पत्नी सरस्वतीबाई करीत. घर आणि कारखाना यांच्यात भिंत नव्हती, आणि धंद्याचे सर्व ज्ञान एकाच कुटुंबाच्या हाती एकवटले होते.

‘लंकादहन’च्या (१९१७) यशानंतर वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भागीदारांसह १९१८ मध्ये ही कंपनी स्थापन झाली. फाळके तिचे कार्यकारी भागीदार होते, म्हणजे पैशाऐवजी कसब आणि श्रम हेच त्यांचे भांडवल होते. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) लोकांनी उचलून धरले, तरी खर्चाला मर्यादा असावी आणि चित्रपट ठरावीक मुदतीत पुरा व्हावा, हा भागीदारांचा आग्रह वाढत गेला. ज्या कलेवर आपला पैसा लागला आहे तिच्यावर आपला काहीच ताबा नाही, ही त्यांची अडचण खरी होती. कलेला घड्याळ लावले जात आहे, हे फाळके यांचे दुःखही तितकेच खरे होते.

अखेर या मतभेदांमुळे फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. मनातील कढ भांडणात न घालवता त्यांनी तो लेखनाकडे वळवला, ही गोष्ट मोलाची आहे. ‘संदेश’ वृत्तपत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी फाळके चित्रपटांकडे परत यावेत म्हणून जाहीर आवाहन केले, आणि १९२२ च्या सुमारास ते कंपनीत परतले. या वेळी मात्र ते निर्मितिप्रमुख म्हणून पगारावर आले, त्यामुळे कामाच्या आणि अधिकाराच्या सीमा आधीपेक्षा स्पष्ट झाल्या.

मतभेद तरीही पुरते मिटले नाहीत. परंतु फाळके यांच्या गैरहजेरीत कंपनी बंद पडली नाही, याचे श्रेय त्यांनीच घडवलेल्या माणसांना आहे. ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका करणारे अण्णा साळुंके पुढे कॅमेराही चालवू लागले. श्रेष्ठ कारागिराने आपली विद्या सहकाऱ्यांच्या हाती दिली, तर त्यांची नाराजी संपतेच असे नाही. पण तिला व्यवसाय मोडण्याइतके बळ उरत नाही, असा निष्कर्ष या इतिहासातून काढता येतो.