पावाचा तुकडा आणि माणूसपण

दुसरे महायुद्ध कधी संपले, असे विचारले तर शाळेत जाणारी पोरं पटकन सांगतील, युरोपात ८ मे १९४५ ला, जर्मनी शरण आली तेव्हा. तारीख बरोबर आहे. पण त्या युद्धात जे सर्वांत खाली चिरडले गेले त्यांच्यासाठी ते कधी संपले, हे कळायला सेनापतींची चरित्रे पुरत नाहीत. त्यासाठी प्रिमो लेव्ही या इटालियन लेखकाच्या आठवणी वाचाव्यात, असे आम्हांस वाटते.

लेव्ही १९१९ साली तुरिन शहरात ज्यू कुटुंबात जन्मले. शिक्षण रसायनशास्त्राचे. १९३८ साली इटलीत वंशाचे कायदे झाले आणि ज्यूंना सरकारी शाळा व नोकऱ्या बंद झाल्या. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या वस्तीत कुणाला समजावून सांगायला नको. फॅसिस्टांशी लढायला लेव्ही डोंगरात गेले, डिसेंबर १९४३ मध्ये पकडले गेले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये पोलंडातील ऑशविट्झ छळछावणीत पोहोचले. तिथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली. त्यांत १० लाखांच्या आसपास ज्यू होते.

लेव्हींना मोनोवित्झच्या तळावर ठेवले. तिथे कैद्यांना राबवून कृत्रिम रबराचा कारखाना उभा करत होते. आम्ही गिरणीतली माणसं. आमच्याही बिल्ल्यावर नंबर असायचा. पण पाळी सुटली की बिल्ला खिशात, आणि माणूस आपल्या नावाने घरी. लेव्हींचा नंबर १७४५१७ हातावर गोंदलेला होता.

जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौज जवळ आली. १८ तारखेला जर्मनांनी चालू शकणाऱ्या कैद्यांना बर्फातून पायी हाकलले. त्या वाटेवर हजारो मेले. लेव्ही स्कार्लेट फिवरने दवाखान्याच्या बराकीत पडून होते म्हणून मागे राहिले. आजाराने जीव वाचवला, बघा!

खोलीत अकरा रोगी. पहारेकरी पळाले, पण अन्न नाही, ऊब नाही. १९ तारखेला लेव्ही आणि शार्ल व आर्थर हे दोन फ्रेंच सोबती तशा आजारातच बाहेर पडले. हातगाडीवर घालून एक लोखंडी शेगडी आणि बटाटे घेऊन आले. खोलीत ऊब आली तेव्हा तोवारोव्स्की नावाच्या रोग्याने सुचवले, या तिघांनी कष्ट केले, तर प्रत्येकाने त्यांना आपल्या पावाचा एकेक तुकडा द्यावा. सगळे कबूल झाले.

आदल्या दिवसापर्यंत त्या छावणीत असे कुणाच्या मनातही आले नसते. शेजाऱ्याचा पाव मिळाला तर तोही खायचा, हीच तिथली रीत. लेव्ही सांगतात की कैद्यांचे पुन्हा माणूस होणे त्या तुकड्यापासून सुरू झाले. रशियन फौज आली ती २७ जानेवारीला. तेव्हा लेव्ही आणि शार्ल खोलीतल्या एका मेलेल्या सोबत्याला बाहेर नेत होते.

या आठवणींचे पुस्तक मोठ्या प्रकाशकाने आधी नाकारले. १९४७ साली ते एका लहान प्रकाशकाने काढले. लेव्ही पुढे जवळजवळ तीस वर्षे रंगाच्या कारखान्यात नोकरी करत लिहीत राहिले. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

माणसाला नंबर करून टाकणारे आधी त्याला शेजाऱ्याच्या घासावर नजर ठेवायला शिकवतात. म्हणून आपल्या मुलांना युद्धांच्या तारखांबरोबर १९ जानेवारी १९४५ ची ही गोष्टही सांगा. अकरा आजारी माणसांनी त्या दिवशी छावणीचा कायदा मोडला, आणि तेव्हा फौज अजून आठ दिवस लांब होती.