प्रयोगशाळा-यंत्रातील डेटा आणि पेनड्राइव्ह

मोजमापाच्या यंत्राने नोंदलेले आकडे, आलेख आणि ते कोणी, केव्हा, कोणत्या पद्धतीने मोजले ही माहिती यंत्रात साठवणे, तेथून सुरक्षित जागी हलवणे आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत वाचण्याजोगी ठेवणे, असे हे काम आहे. ग्रंथांत याला ‘विदा-व्यवस्थापन’ म्हणतात. कारखान्याच्या क्यूसीत (गुणवत्ता-नियंत्रण विभागात) मात्र ‘डेटा काढला का?’ एवढेच विचारतात.

तारापूर बाहेरच्यांना अणुवीज केंद्रामुळे (१९६९) ठाऊक. शिरगाव, सातपाटी, माहीमहून पालघर स्टेशन गाठून, उमरोळी ओलांडून बोईसरला उतरणाऱ्यांसाठी तारापूर म्हणजे एमआयडीसी. तिथल्या औषध आणि रसायन कारखान्यांत मालाची बॅच क्यूसीने पास केल्याशिवाय बाहेर जात नाही. तो निर्णय मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी एचपीएलसी व जीसी, यूव्ही, तराजू, पीएच मीटर अशा यंत्रांच्या नोंदींवर ठरतो.

या नोंदींचे आकारमान सारखे नसते. पीएच मीटरची नोंद चार ओळींची. एचपीएलसीचा साधा डिटेक्टर सेकंदाला १० वाचने घेत असेल, तर अर्ध्या तासाच्या रनमध्ये (एका मोजणीत) १८,००० बिंदू होतात; प्रत्येकी ४ बाइट धरले तर ७२ केबी. फोटोडायोड अ‍ॅरे डिटेक्टर त्याच वेळात ५०० तरंगलांबी नोंदवू लागला की तोच रन ३६ एमबीचा होतो, आणि संध्याकाळी लावलेला ४० इंजेक्शनांचा, म्हणजे ओळीने ४० रनचा, सिक्वेन्स दुसऱ्या दिवशी दुपारी संपेपर्यंत दीड जीबीच्या घरात जातो. डिस्क भरली तर काही यंत्रे रन मधेच थांबवतात. म्हणून सिक्वेन्स लावण्यापूर्वी मोबाइल फेजइतकीच (यंत्रातून वाहणाऱ्या द्रावणाइतकीच) डिस्कवरची जागाही पाहावी लागते.

पेनड्राइव्हचा सर्वांत नेहमीचा घोटाळा फाइल सिस्टिमचा. स्वतःचा छोटा पडदा असलेली बरीच यंत्रे फक्त फॅट३२ ओळखतात. एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला ड्राइव्ह लावला की यंत्र गप्प बसते आणि दोष पोर्टवर जातो. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीहून मोठी असू शकत नाही. महिन्याचा डेटा एकाच झिपमध्ये बांधला आणि तो ५ जीबी झाला, तर २० जीबी मोकळी दिसत असूनही कॉपी होत नाही. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी तर अनेक वर्षे ३२ जीबीवरच्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्यायच देत नसे. जुन्या यंत्रांजवळच्या खणात जपून ठेवलेला २ जीबीचा पेनड्राइव्ह दिसतो, तो कंजूषपणामुळे नव्हे. ३२ जीबीच्या ड्राइव्हवर २९.८ दिसणे ही मात्र फसवणूक नाही: बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या.

यंत्र लिहीत असताना ड्राइव्ह उपटला किंवा वीज गेली, तर अनेकदा फाइलचे नाव उरते, आत काही नसते. फॅटमध्ये अर्धवट राहिलेले काम सावरणारी नोंदवही (जर्नल) नाही. शिवाय त्यात फाइल बदलल्याची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते. आणि यंत्राच्या आतली बटण-सेल संपली असेल, तर तारीखच भलत्या वर्षाची पडते. ऑडिटमध्ये असली तारीख समजावून सांगणे फार जड जाते. एक वेगळी सूचना: संगणकाच्या मागे लावलेला प्रत्येक पेनड्राइव्ह पेनड्राइव्ह नसतो. काही जुन्या सॉफ्टवेअरची परवान्याची डाँगल हुबेहूब तशीच दिसते. ती काढली की सॉफ्टवेअर उघडत नाही.

घरात भात साठतो कणगीत, टोपली फक्त वाहण्यापुरती. पेनड्राइव्ह ही टोपली. नियमांचा रोखही तोच आहे. अमेरिकेच्या एफडीएचा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम (भाग ११) १९९७ चा. भारताचे सुधारित शेड्यूल एम डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाले. तराजूची छापील चिठ्ठी ही पुरेशी नोंद ठरू शकते (थर्मल कागद फिका पडतो म्हणून तिची झेरॉक्स जोडतात), पण एचपीएलसीच्या आलेखाची (क्रोमॅटोग्रामची) पीडीएफ पुरेशी नाही. पीक कुठून कुठपर्यंत मोजला, किती वेळा मोजला, हे मूळ फाइल आणि ऑडिट ट्रेलमध्येच (प्रत्येक बदलाच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत) दिसते. त्यामुळे मोठ्या कारखान्यांत डेटा थेट सर्व्हरवर जातो आणि यंत्राच्या संगणकाचे यूएसबी पोर्ट बंद असतात.

पोर्ट बंद ठेवण्याचे दुसरे कारण विषाणू. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातील सेंट्रिफ्यूजवर चालून गेला. इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकांत शिरण्यासाठी त्याने पेनड्राइव्हचीच वाट धरली होती. प्रयोगशाळेत बाहेरचा ड्राइव्ह बहुधा सर्व्हिस इंजिनिअरच्या खिशातून येतो. क्रमांक घातलेला, कारखान्याच्याच मालकीचा, आधी स्कॅन केलेला आणि रजिस्टरमध्ये नोंदलेला ड्राइव्ह त्याच्या हाती देणे, हा उपाय कंटाळवाणा आहे आणि चालतो.

औषधाच्या बॅचच्या नोंदी त्या बॅचची मुदत संपल्यानंतरही किमान एक वर्ष ठेवाव्या लागतात. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे न वापरल्यास त्याच्या फ्लॅश स्मृतीतील विद्युतभार गळू शकतो, त्यामुळे कपाटातला पेनड्राइव्ह हा बॅकअप धरता येत नाही. प्रती दोन, वेगळ्या जागी, आणि अधूनमधून एखादी फाइल परत उघडून पाहिलेली असावी. ही शेवटची गोष्टच बहुतेक ठिकाणी राहून जाते. फाइल शाबूत असून ती उघडणारे सॉफ्टवेअर नसणे हेही घडते. म्हणून काही प्रयोगशाळा एखादा विंडोज एक्सपीचा संगणक (त्याला सुरक्षा-सुधारणा मिळणे एप्रिल २०१४ मध्ये थांबले) नेटवर्कपासून तोडून कोपऱ्यात जिवंत ठेवतात. त्यातली फाइल बाहेर काढायची, तर पुन्हा खणातला तो २ जीबीचा ड्राइव्हच शोधावा लागतो.